पाकिटावर काय लिहायचं

मिरजेत रिक्षावाला ‘कुठं जायचं?’ असं विचारत नाही, ‘कुठल्या दवाखान्यात?’ असं विचारतो. या गावातल्या एका रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे. खिडकीवरची घाई, रात्रभर न झोपलेले डोळे, काचेखालून पुढे सरकवलेले चुरगळलेले कागद हे माझं रोजचंच. मृगाच्या सुमारास एका संध्याकाळी कवठेमहांकाळकडचा एक मुलगा प्लेटलेट न्यायला आला. पंचविशीचा असेल. वडिलांची केमो चालू होती आणि ‘पेशी’ खाली आल्या होत्या. आमच्या भागात प्लेटलेटला सगळे पेशीच म्हणतात. मी पिशवीवरचा नंबर कागदाशी ताडून बघत होते, तेवढ्यात त्यानं सॅकमधून एक चकचकीत डबा काढला आणि काचेला टेकवून धरला. डब्यावर तांबूस, लाखेचा हात दिल्यासारखी चमकणारी छत्री छापलेली. “ताई, पावण्यानं दिलंय. ह्या मशरूमनं पेशी वाढत्यात म्हणं. चालू करू का आप्पांस्नी?” डब्यावरची किंमत मी देत होते त्या पिशवीच्या कितीतरी पट होती. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक गोळीसुद्धा देऊ नका. त्यानं मान हलवली, पिशवी घेतली, आणि जाता जाता आवाज खाली आणून विचारलं, “पण ताई, ह्यात खरंच काय असतंय, का नुसतंच?”

मागं रांग होती. तो गेला. प्लेटलेटच्या पिशव्या ज्या यंत्रात बावीस अंशांवर रात्रंदिवस हलत असतात त्याची खडखड चालू होती, आणि माझ्या डोक्यात ‘का नुसतंच’ चालू होतं. ‘नुसतंच’ म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. ‘असतंय’ म्हणाले असते तर तो रात्रीच डबा फोडून मोकळा झाला असता.

छत्रीत काय असतं हे मला छत्रीमुळे नाही, हुलग्यामुळे कळलं. आमच्या फ्रीजमध्ये निळ्या ‘अँटी-ए’ आणि पिवळ्या ‘अँटी-बी’च्या बाटल्यांशेजारी एक लहान, पाण्यासारख्या औषधाची बाटली असते. रक्तगट ए आला पण कुठेतरी मेळ बसत नाही असं झालं, की ती बाहेर निघते. ए गटाचेही पोटप्रकार असतात, आणि त्यातला ए-वन कोणता ते ही बाटली सांगते. तिच्यातलं औषध हुलग्याच्या बियांपासून काढतात. जत-आटपाडीकडे ज्याचं माडगं करतात, बैलांना जो भरडून घालतात, तोच हा हुलगा. 1951 मध्ये बर्ड नावाच्या संशोधकानं ‘करंट सायन्स’ या आपल्याच देशातल्या नियतकालिकात ही गोष्ट छापली, आणि आज जगभरच्या रक्तपेढ्या ती वापरतात. काचपट्टीवर लाल पेशींचा थेंब, त्याच्या शेजारी हुलग्याचा थेंब, काडीनं दोन्ही मिसळायचे आणि पट्टी दिव्याखाली हळूहळू तिरकी करत राहायची. काही क्षण एकसारखा लाल ओघळ दिसतो. मग त्यात बारीक वाळू पडल्यासारखं काहीतरी दिसू लागतं, कण मोठे होतात, त्यांच्यामधलं पाणी स्वच्छ होतं. इतकी वर्षं बघतेय, तरी तो क्षण आला की मी पट्टी डोळ्यांच्या थोडी जवळ नेतेच.

हे करणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. लेक्टिन त्यातली एखादीच साखळी ओळखतं आणि धरतं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. एका रेणूवर धरायच्या जागा एकाहून जास्त असल्यामुळे दोन पेशी एकाच वेळी पकडल्या जातात आणि गुठळी होते. बियांमध्ये लेक्टिनं असतात तशी छत्र्यांमध्येही असतात, आणि खूप असतात. हॉटेलात पनीरच्या जोडीनं मिळणाऱ्या बटण मशरूममध्ये जे आहे ते ‘टी’ नावाच्या साखरेला धरतं. ही ‘टी’ रक्तपेढीवाल्यांच्या जुन्या ओळखीची. डेन्मार्कमध्ये थॉमसन आणि फ्रीडेनराइख यांनी 1927 ते 1930 च्या दरम्यान ती शोधली. निरोगी पेशीवर ती दुसऱ्या एका साखरेखाली झाकलेली असते. काही जंतूंची विकरं वरचं झाकण काढतात, ‘टी’ उघडी पडते आणि मग त्या रुग्णाच्या लाल पेशी जवळजवळ कुणाच्याही रक्तद्रवात गोळा होतात. तीच ‘टी’ आतडं, स्तन अशा अनेक कॅन्सरच्या पेशींवरही उघडी पडलेली सापडते.

आता जे सांगते ते मला पहिल्यांदा वाचल्यावर दोनदा वाचावं लागलं होतं. शेंगदाण्यातलं लेक्टिनसुद्धा याच ‘टी’ला धरतं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवून त्यांच्यावर दोन्ही लेक्टिनं घालून पाहिली. शेंगदाण्याच्या लेक्टिननं पेशींची वाढ जोरात झाली. बटण मशरूमच्या लेक्टिननं वाढ थांबली, आणि पेशी मेल्या मात्र नाहीत. लेक्टिन काढून घेतलं की त्या पुन्हा वाढू लागल्या. ही दुसरी गोष्ट 1993 मध्ये छापून आली. पुढे त्याच गटाला दिसलं की हे लेक्टिन पेशीच्या आत शिरतं आणि केंद्रकाकडे जाणाऱ्या प्रथिनांची वाट अडवतं. एकच साखर, तिला धरणारे दोघे, आणि परिणाम एकमेकांच्या अगदी उलट. (म्हणून कोणी भाजीतलं कूट बंद करू नका. बशीतल्या पेशी आणि पोटातलं कालवण यांच्यात बरंच अंतर आहे, आणि मला सांगायचंय ते त्या अंतराबद्दलच.)

माझं आजोळ शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या बाजूला. जिल्ह्याच्या पूर्वेला टँकर फिरत असतात तेव्हा तिथे घरांच्या भिंतींना शेवाळ चढलेलं असतं. आषाढ-श्रावणात दोन दिवस पाऊस, मग एक दिवस उघडीप आणि कोंदट ऊन, असं झालं की आजी पहाटेच वारुळाकडे निघायची. आम्ही नातवंडं मागोमाग. वारुळाच्या कडेनं रात्रीतून अळंबी वर आलेली असायची. टोकाशी राखाडी टोपी, खाली लांब पांढरा देठ मातीत खोलवर गेलेला. ती वाळवीचीच शेती असते, वाळवी ती बुरशी आपल्या पोटासाठी पिकवते आणि तीही कोट्यवधी वर्षांपासून, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. आजीला वेगळंच कळत होतं. ती ठरावीक वारुळांवरचीच अळंबी घ्यायची. शेजारच्या झाडाखाली त्याहून देखणी, पांढरीशुभ्र छत्री असली तरी “कुत्र्याची छत्री ती, हात लावू नगंस” म्हणून पुढे जायची. घरी आल्यावर मिरची-लसणाच्या फोडणीत, वरून थोडं खोबरं घालून ती भाजी व्हायची. तिचा वास मांस शिजल्यासारखा पण मातीचा, आणि चावताना दातांखाली किंचित करकर. शेजारच्या घरात भाजीत चांदीचा रुपया टाकून बघायची पद्धत होती. नाणं काळं पडलं नाही तर छत्री चांगली. आजीचा त्यावर विश्वास नव्हता आणि ती बरोबर होती. अशी कुठलीही घरगुती परीक्षा खरी नाही. जगात विषारी छत्र्यांनी जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक अमानिटा कुळातल्या छत्र्यांमुळे होतात, आणि त्यांच्या विषानं ना चांदी काळी पडते ना लसूण.

ते विषही याच गोष्टीतलं आहे. अमॅनिटिन म्हणजे फक्त आठ अमिनो आम्लांचं कडं. प्रथिन म्हणावं इतकंही मोठं नाही, पण त्याच मालमसाल्याचं. कडं इतकं घट्ट की उकळून मोडत नाही. खाल्ल्यावर आधी कित्येक तास काहीच होत नाही, मग जुलाब-उलट्या, मग बरं वाटतं, आणि ते बरं वाटत असतानाच यकृत कामातून जात असतं, कारण जनुकांवरचा मजकूर उतरवून घेणारं पेशीतलं यंत्रच त्या कड्यानं बंद पाडलेलं असतं. अलीकडे हेच विष अँटिबॉडीला जोडून थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोचवण्याच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत. आजी ज्या छत्रीला वळसा घालून जायची तिच्या जातकुळीतून कदाचित औषध निघेल. याचं मला आश्चर्य वाटतं आणि भीतीही वाटते, आणि दोन्हीतलं एकही कमी होत नाही.

आप्पांचा मुलगा पुन्हा आला तेव्हा खिडकीवर गर्दी नव्हती. मी त्याला आत बाकावर बसवलं. डबा फोडला नव्हता, पण सॅकमध्येच होता. आता पाहुण्यांचे रोज फोन येत होते, ‘दिलं का, दिलं का’ म्हणून. मी त्याला सांगितलं की ह्या छत्रीत, म्हणजे रेशीत, खरंच काहीतरी आहे. 1989 मध्ये जपानमध्ये तिच्यातून एक प्रथिन वेगळं काढलं, एलझेड-8 नावाचं, 110 अमिनो आम्लांचं. ते आपल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींना जागं करतं, आणि उंदरांना जीवघेणी ॲलर्जी होऊ नये म्हणून ते दिलं तेव्हा उपयोगीही पडलं. पण ते प्रथिन वेगळं काढलेलं, मोजलेलं होतं. डब्यातल्या भुकटीत ते किती आहे, वाळवताना आणि दळताना त्याची घडी टिकली का, आणि जठरातल्या आम्लातून, प्रथिनं कापणाऱ्या पेप्सिनच्या कात्रीतून ते पुढे जातं का, हे डब्यावर कुठंच लिहिलेलं नाही. बहुतेक प्रथिनांचं पोटात अन्नच होतं. काही अपवाद निघतात. एनोकी नावाच्या बारीक देठाच्या मशरूममधलं याच घराण्यातलं प्रथिन उंदरांना तोंडावाटे दिलं तरी त्यांची अन्नाची ॲलर्जी कमी झाली होती. आणि मग मुख्य गोष्ट सांगितली, जी पहिल्या दिवशी रांगेमुळे राहिली होती: रेशीच्या अर्कानं प्लेटलेट एकमेकींना चिकटायच्या कमी होतात असं आढळलंय. ज्याच्या पेशी आधीच कमी आहेत त्याला नेमकं हेच नको असतं. त्यानं डबा हातात फिरवून पाहिला. “म्हंजे पेशी वाढवायला दिलंय, अन् हाय त्या पेशींचं काम बिघडायचं?” मी म्हटलं, होऊ शकतं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “पावणं वाईट न्हाई ओ ताई. त्येंनी सवताच्या पैशानं घेतलंय.”

मला पाहुण्यांचा राग येत नव्हता. माणूस घरात आजारी असतो आणि करण्यासारखं आपल्या हातात काहीच नसतं, रिपोर्टची वाट बघण्याशिवाय. अशा वेळी डबा ही करण्यासारखी एक गोष्ट असते. माझ्या आत्याच्या आजारपणात मीही रात्री-अपरात्री असलंच काहीबाही शोधत बसलेली आहे, लेक्टिनांची सगळी माहिती असताना.

‘सगळं थोतांड’ म्हणून हात झटकणारेही मला पटत नाहीत. मेलेल्या लाकडावर रंगीत पट्ट्यांचा पंखा उगवतो, टर्की टेल म्हणतात त्याला. त्यातून काढलेल्या क्रेस्टिनला जपाननं 1977 मध्ये औषध म्हणून मान्यता दिली आणि केमोच्या जोडीनं, केमोच्या ऐवजी नव्हे, ते तोंडावाटे दिलं गेलं. ते म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना जोडलेलं प्रथिन. दुसरीकडे, हुलग्याची गोष्ट छापली गेली त्याच 1951 साली एका छत्रीतून प्लुरोम्युटिलिन नावाचं प्रतिजैविक सापडलं. ते प्रथिन नव्हे, पण जंतूंचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं. आधी ते गुराढोरांच्या औषधात गेलं. माणसाच्या त्वचेवर लावायचं मलम व्हायला 2007 उजाडलं, आणि न्यूमोनियासाठी शिरेतून आणि गोळीतून द्यायचं औषध अमेरिकेत मंजूर झालं 2019 मध्ये. अडुसष्ट वर्षं. तेवढ्या काळात कुणीतरी मात्रा ठरवली, कुणीतरी रेणू बदलून पाहिला, कुणीतरी यकृतावरचे परिणाम मोजले, आणि हजारो रुग्णांनी आपलं शरीर त्या चाचणीला दिलं. डबा विकणारा ती सगळी वाट गाळतो आणि पहिल्या पानावरून थेट शेवटच्या पानावर उडी मारतो. मला चीड येते ती या उडीची, कारण मधल्या पानांवर काम करणाऱ्यांपैकी आम्हीही आहोत, खिडकीमागे बसून नंबर ताडून बघणारे.

श्रावणात शिराळ्याला गेले होते. मामेभावाच्या बायकोनं, आमच्या सुनंदावहिनीनं, गावातल्या बायकांबरोबर बचत गटातून धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, शेती सुरू केलीय. पत्र्याच्या शेडला आतून गोणपाट लावलेलं, त्यावर पाणी मारून मारून ते काळं पडलेलं. आत पाऊल टाकलं की ओल्या काडाचा आंबूस वास, आणि दुसऱ्या श्वासाला घशात काहीतरी बारीक खवखवतं. सोयाबीनचं काड भिजवून, गरम पाण्यातून काढून, थराथरानं बी टाकून पिशव्या भरलेल्या. काही पिशव्या बुरशीनं पांढऱ्याफेक झालेल्या, काहींमधून टाचणीच्या डोक्याएवढे करडे कोंब फुटलेले, काहींवर तोडणीला आलेले पंखे एकावर एक. खालच्या पंख्यांवर पिठासारखा पांढरा थर बसला होता. ते बीजाणू. धिंगरी भरमसाट बीजाणू सोडते आणि शेडमध्ये रोज काम करणाऱ्यांची छाती त्यानं धरते. वहिनी बोलता बोलता खोकत होती. मी तिला मास्कचं विचारलं तर खुंटीवरचा दाखवला, धुऊन वाळत घातलेला. पंख्याची कड वर वळायच्या आधीच तोडणी करा, पहाटे दार-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, आणि तो मास्क खुंटीवर नको, तोंडावर पाहिजे, हे मी तिला जरा दटावूनच सांगितलं.

येताना थोडे कोंब डबीतून मिरजेला आणले. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना लेक्टिन कायम बाटलीतलंच भेटतं. म्हटलं, एकदा उगवतीचं भेटू दे. कोंब खलात सलाइनबरोबर वाटले, गाळले, मशीनमध्ये फिरवून वरचं स्वच्छ पाणी घेतलं. एका नळीत ते कच्चं, दुसरीत तेच पण उकळून गार केलेलं, तिसरीत नुसतं सलाइन. तिन्हींत तपासणीतून उरलेल्या, धुतलेल्या लाल पेशी घातल्या आणि सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवल्या. मुलींची अपेक्षा गुठळीची होती. नळ्या बाहेर काढल्या तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीत पेशी खाली बसलेल्या, वरचं पाणी नितळ. पहिल्या नळीत तळाला जवळजवळ काही उरलंच नव्हतं, आणि पाणी वरपासून खालपर्यंत पारदर्शक लाल झालं होतं. त्या लालीतून पलीकडच्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. पेशी फुटल्या होत्या.

आमच्या धंद्यात हा रंग दिसला की पोटात गोळा येतो. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर शरीरात हेच होतं. धिंगरीतली दोन प्रथिनं मिळून पेशीच्या पातळ पापुद्र्यावर तेरा भागांचं कडं रचतात आणि कड्याच्या मधोमध आरपार भोक पाडतात. प्लुरोटोलायसिन म्हणतात त्यांना. यातलं भोक पाडणारं प्रथिन ज्या घराण्याचं आहे त्याच घराण्यातली प्रथिनं आपल्या रक्तातही आहेत. विषाणूनं ग्रासलेली किंवा कॅन्सरकडे झुकलेली पेशी मारायला आपली प्रतिकारशक्ती तिला अशीच भोकं पाडते, आणि चुकीच्या रक्ताच्या पेशी फोडणारेही त्याच घराण्यातले. सोयाबीनच्या काडावर उगवलेला कोंब आणि आपल्या अंगातल्या पहारेकरी पेशी, दोघांकडे एकाच बनावटीचं हत्यार. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग आपण हे खातो कसं?” दुसरीनं उकळलेल्या नळीकडे बोट दाखवलं.

रविवारी वहिनीचा फोन आला. पाकिटं छापायला टाकायची होती. इस्लामपूरच्या बाजारात दुसऱ्या एका पाकिटावर ‘कॅन्सर व मधुमेहावर गुणकारी’ असं छापलेलं तिनं पाहिलं होतं, आणि ते पाकीट पंधरा रुपयांनी महाग असूनही आधी संपलं होतं. “तुमी तर त्यातल्याच. दोन ओळी द्या की लिहून, चांगल्या शास्त्रातल्या.” मी सांगितलं की कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. ती म्हणाली, “कायदा आमालाच हाय व्हय, त्येंला न्हाई?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या गटातल्या दोन बायकांची पोरं शिराळ्याला शिकायला जातात, त्यांचा खर्च या पाकिटांतून निघतो, आणि पंधरा रुपये म्हणजे त्यांच्यासाठी पंधरा रुपयेच असतात. मी तिला नळ्यांची गोष्ट सांगितली. लाल झालेल्या पाण्याची, उकळलेल्या नळीची. ती ऐकत होती, मधे एकदा खोकली.

मग म्हणाली, “असं करू. तोडल्याची तारीख मोठ्या अक्षरात घालू, ती त्येंच्यात नसती. अन् खाली लिवू, नीट शिजवूनच खावा. बाकीचं गटात विचारते, बायका काय म्हणत्यात बघू.” मी म्हटलं, तारीख हातानं नको, शिक्का करून घे. मिरजेत शिक्के करणारा माझ्या ओळखीचा आहे, मापं पाठव.